२२,३०० — पण कशाचे?

२३ जुलै १९८३. माँट्रियलच्या विमानतळावर एअर कॅनडाच्या १४३ क्रमांकाच्या उड्डाणाची तयारी चालू होती. विमान बोइंग ७६७, कंपनीच्या ताफ्यात नव्यानेच आलेले. ओटावामार्गे एडमंटनला जायचे होते. इंधन किती भरायचे याचा हिशेब त्या दिवशी हाताने मांडावा लागला. त्यातला गुणाकार, वजाबाकी, भागाकार सगळे बरोबर होते. पडताळणीही झाली. तरी विमान गरजेच्या निम्म्याहून कमी इंधन घेऊन उडाले आणि ४१,००० फुटांवर असताना ते संपत आले.

फूट-पौंड सोडून दशमान पद्धत घ्यावी की नाही, या वादात हे प्रकरण दोन्ही बाजूंच्या कामी येते. विरोधक म्हणू शकतात की पौंड होते तसे ठेवले असते तर ६९ माणसांचा जीव टांगणीला लागला नसता. समर्थक म्हणू शकतात की पौंड वेळीच हद्दपार केले असते तर ते या हिशेबात शिरलेच नसते. दोघांचेही खरे आहे, म्हणूनच हे प्रकरण तपशिलात शिरून पाहण्यासारखे आहे. बदल करावा, असे माझे ठाम मत आहे. पण बदलाची रेघ कुठे ओढायची आणि अर्धवट अवस्था किती काळ चालू द्यायची, हे प्रश्न ‘करावा की नाही’ इतकेच मोठे आहेत, आणि वादाच्या गदारोळात त्यांच्याकडे फारसे कुणी बघत नाही.

कॅनडा कुठे येऊन पोहोचला होता

कॅनडा सरकारने जानेवारी १९७० मध्ये श्वेतपत्रिका काढली आणि दशमान पद्धत हे देशाचे उद्दिष्ट ठरवले. पुढच्याच वर्षी मेट्रिक कमिशन नेमले गेले. प्रत्येक उद्योगाला सोबत घेऊन बदलाचे वेळापत्रक आखायचे, हे त्याचे काम. १ एप्रिल १९७५ पासून हवामानाचे अंदाज सेल्सिअसमध्ये येऊ लागले. सप्टेंबर १९७७ मध्ये रस्त्यांवरच्या पाट्या मैलांवरून किलोमीटरवर गेल्या. मग पेट्रोलपंप गॅलनवरून लिटरवर आले आणि दुकानातल्या वजनकाट्यांची पाळी आली.

तापमानाचा बदल तुलनेने सोपा गेला, याचे कारण उघड आहे. अंदाज ऐकणाऱ्याला कशाला कशाने गुणायचे नसते. तीस अंश म्हणजे उकाडा, उणे वीस म्हणजे कान झाकायचे, हे एका वर्षात अंगाला कळते. पेट्रोल आणि किराणा मालाचे तसे नव्हते. तिथे माप पैशाला जोडलेले होते, दर गॅलनमागे माहीत होता, आणि नवा दर महाग की स्वस्त हे चटकन समजत नव्हते. विरोध तिथे पेटला. सरकार आपल्यावर काहीतरी लादते आहे, ही भावना त्यात होतीच. पण तिच्या आड एक रास्त तक्रारही होती: लोकांनी आयुष्यभर कमावलेला अंदाज सरकारने एका आदेशाने निकामी केला होता.

विरोधकांचा दुसरा मुद्दा याहून भक्कम होता. ब्रिटनने १९६५ मध्ये दशमान पद्धतीकडे जायचे ठरवले होते. अमेरिकाही मागोमाग येईल असा कॅनडाचा होरा होता. अमेरिकेने १९७५ मध्ये कायदा केला खरा, पण तो ऐच्छिक. कुणावर सक्ती नाही, कसली मुदत नाही. त्यासाठी नेमलेले मंडळही १९८२ मध्ये मोडीत निघाले. शेजारचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक देश फूट-पौंडातच राहणार, हे स्पष्ट झाल्यावर कॅनडातल्या कारखानदाराला दोन्ही पद्धती सांभाळणे भाग होते. बदलाचा खर्च करायचा आणि जुन्या पद्धतीचाही खर्च चालूच ठेवायचा. या आक्षेपाला समर्थकांकडे चांगले उत्तर नव्हते.

एअर कॅनडा तेव्हा सरकारी मालकीची कंपनी होती. राष्ट्रीय धोरणाला धरून नवी बोइंग ७६७ विमाने दशमान पद्धतीत घ्यायची असे ठरले. त्यांचे इंधन किलोत मोजले जाणार होते. ताफ्यातल्या बाकीच्या विमानांचे इंधन पौंडातच मोजले जात होते. नवे विमान नव्या मापाचे, जुनी विमाने जुन्या मापाची, हळूहळू जुनी निवृत्त होतील आणि बदल आपोआप पूर्ण होईल. कागदावर हा मार्ग शहाणपणाचा दिसतो. कुणाला दुखवायचे नाही, एकदम मोठा खर्चही नाही.

माँट्रियलचा हिशेब

७६७ मध्ये इंधनाचे माप दाखवणारी यंत्रणा संगणकावर चालत होती. तिला दोन स्वतंत्र वाहिन्या होत्या, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. या विमानात एका वाहिनीतले डाखकाम कच्चे निघाले होते आणि तो दोष असा होता की त्यामुळे दुसरी वाहिनीही हाती लागत नसे; पडदे कोरे राहत. एडमंटनच्या तंत्रज्ञाने सदोष वाहिनीचा विद्युतपुरवठा तोडून निरोगी वाहिनी चालती केली होती. माँट्रियलमध्ये दुसऱ्या तंत्रज्ञाने तपासणीसाठी तो पुरवठा पुन्हा जोडला, तेवढ्यात त्याला दुसरीकडे जावे लागले, आणि तो तोडायचा राहून गेला. पडदे पुन्हा कोरे झाले. अशा अवस्थेत विमान उडवायला नियमांची परवानगी नव्हती. पण आधीच्या वैमानिकांशी झालेल्या बोलण्यातून झालेला गैरसमज आणि नवे विमान म्हणून सतत बदलत जाणाऱ्या सूचना यांतून ‘टाकी हाताने मोजली की चालते’ असा समज झाला.

टाकी हाताने मोजायची म्हणजे पंखाखालची खुणांची दांडी खाली ओढून इंधनाची पातळी बघायची. दोन टाक्यांची मापे ६२ आणि ६४ सेंटिमीटर आली. तक्त्यावरून त्यांचे लिटर झाले ३,७५८ आणि ३,९२४, म्हणजे एकूण ७,६८२ लिटर. एडमंटनपर्यंत जायला लागणार होते २२,३०० किलो. आता लिटरचे किलो करायचे.

इथे १.७७ हा आकडा आला. इंधनाच्या कागदपत्रांत तो नेहमी दिसायचा, कारण जुन्या विमानांसाठी तोच लागायचा. ७,६८२ गुणिले १.७७ म्हणजे १३,५९७. ते २२,३०० मधून वजा केले, उरले ८,७०३. त्याला पुन्हा १.७७ ने भागले, ४,९१७ लिटर. तेवढे भरले आणि विमान निघाले.

मात्र १.७७ हे एका लिटर इंधनाचे पौंडातले वजन होते. किलोत ते ०.८०३ भरते. त्याने हिशेब केला तर टाकीत आधीचे ६,१६९ किलो होते आणि आणखी २०,०८८ लिटर भरायला हवे होते. ते उडाले तेव्हा विमानात जेमतेम १०,१०० किलो इंधन होते. ओटावाला दांडीने पुन्हा मोजणी झाली. लिटर बरोबर आले, पुन्हा १.७७ ने गुणले गेले आणि पुन्हा सगळे ठीक दिसले. दुबार तपासणीचा उपयोग शून्य का झाला, तर तपासणाऱ्यांनी गणित तपासले, १.७७ कशाचे, हे कुणी विचारले नाही. विमानाच्या संगणकालाही हाताने मांडलेलाच आकडा दिला होता. तो इमानाने त्यातून खर्च वजा करत राहिला आणि भरपूर इंधन शिल्लक दाखवत राहिला.

१.७७ कुठल्या घरचा

या प्रकरणातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट इथे आहे, आणि बहुतेक वर्णनांत ती निसटते.

दशमान पद्धतीत वाढलेल्या माणसाला एक गोष्ट न शिकवता ठाऊक असते: एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. विमानाचे इंधन पाण्यावर तरंगते. म्हणजे ते पाण्यापेक्षा हलके, म्हणजे त्याच्या लिटरचे वजन एका किलोच्या आतच असणार. ‘एका लिटरला १.७७ किलो’ हे वाक्य अशा माणसासमोर ठेवले तर तो तिथेच अडखळेल. विमानाचे ज्ञान त्यासाठी लागत नाही.

आता जुनी पद्धत बघू. ब्रिटिश गॅलनची व्याख्या १८२४ मध्ये ठरली ती दहा पौंड पाण्यावरून. एक गॅलन पाणी, दहा पौंड. इंधन हलके, त्यामुळे गॅलनला सुमारे आठ पौंड. जुन्या पद्धतीत मुरलेल्या माणसाला गॅलनला अठरा पौंड असा आकडा कुणी दिला असता तर तोही अडखळला असता. म्हणजे पडताळणीची सोय दोन्ही पद्धतींच्या पोटातच आहे, आणि ती जवळपास सारखीच चांगली आहे.

लिटरला पौंड हे माप मात्र दोन्हींपैकी कुठल्याच घरचे नाही. एक पाय इकडे, एक तिकडे. लिटरभर पाण्याचे वजन पौंडात किती, हे कुणाच्या हाताला कळत नाही, कारण तसा कुणी कधी विचारच करत नाही. म्हणून १.७७ या आकड्याकडे बघून ‘हे शक्य आहे का’ असा प्रश्न कुणाच्या मनात उठलाच नाही. टँकर लिटरवर आलेले, विमाने पौंडावर थांबलेली, त्या फटीत हा आकडा जन्मला आणि रोजच्या वापराने अंगवळणी पडला. त्याच्या शेजारी एकक लिहायचीसुद्धा गरज कुणाला वाटली नसावी. सगळ्यांना ते ‘माहीतच’ होते.

विरोधक म्हणतात की लोकांना जुन्या मापांची जाण असते, ती हिरावून घेऊ नका. मी या म्हणण्याचा मनापासून आदर करतो. जाण ही सुरक्षेची यंत्रणा आहे, कुठल्याही तपासणी-यादीपेक्षा जलद चालणारी. पण याच कारणाने रेंगाळणारा बदल अधिक घातक ठरतो. जुनी जाण निरुपयोगी होते आणि नवी तयार होत नाही, कारण रोज आकडा जुन्यात बदलून घ्यायची सोय हाताशी असते. माणूस किलोत विचार करायला शिकतच नाही, तो फक्त १.७७ ने गुणायला शिकतो.

जमिनीवर येईपर्यंत

ओंटारिओतल्या रेड लेकच्या वर असताना कॉकपिटमध्ये इंधनाचा दाब कमी झाल्याचा इशारा वाजला. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांनी विमान विनिपेगकडे वळवायचे ठरवले. थोड्याच वेळात आधी डावे इंजिन बंद पडले, मग उजवे. इंजिनांबरोबर वीज गेली, बहुतेक पडदे काळे झाले. वाऱ्यावर फिरणारी एक छोटी टर्बाइन विमानाच्या पोटातून बाहेर आली आणि विमानाची नियंत्रणे हलवण्यापुरता हायड्रॉलिक (द्रवाचा) दाब पुरवू लागली.

फर्स्ट ऑफिसर मॉरिस क्विंटल यांनी अंतराचा हिशेब सुरू केला. विनिपेगचे नियंत्रक अंतर नॉटिकल मैलांत (विमाने आणि जहाजे वापरतात तो मैल) सांगत होते, राखीव उंचीमापक फूट दाखवत होता. दहा नॉटिकल मैलांत पाच हजार फूट उंची गेली, म्हणजे एक फूट खाली येताना विमान साधारण बारा फूट पुढे जात होते. विनिपेग गाठणे अशक्य आहे हे त्यावरून कळले. क्विंटल यांनी वायुदलात असताना गिमलीच्या तळावर काम केले होते. तो तळ जवळ होता. तो बंद झाला आहे आणि तिथली एक धावपट्टी आता गाड्यांच्या शर्यतीसाठी वापरली जाते, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्या दिवशी तिथे कार क्लबचा मेळावा भरला होता.

पिअर्सन इंजिनाविना उडणारी ग्लायडर विमाने चालवत. गिमलीला पोहोचताना विमान जास्त उंचीवर होते. त्यांनी ते आडवे धरून घसरवत उंची मोडली, ही ग्लायडरवाल्यांची युक्ती. पुढचे चाक नीट अडकले नव्हते, ते टेकताच दुमडले आणि नाक घासत विमान थांबले. शेपूट वर राहिल्याने आणीबाणीत उतरायच्या मागच्या घसरगुंड्या उभ्या झाल्या आणि उतरताना काहींना किरकोळ दुखापती झाल्या. ६१ प्रवासी आणि ८ कर्मचारी, सगळे जिवंत राहिले. विमान तिथेच डागडुजी करून उडवून नेले गेले आणि त्याने २००८ पर्यंत सेवा दिली.

या सुटकेचे श्रेय वैमानिकांच्या कौशल्याला आहेच. पण मापांच्या वादाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. ज्या हिशेबाने त्यांना वाचवले तो फूट आणि नॉटिकल मैलांतला होता. ती दोन्ही मापे दशमान नाहीत, ती एकमेकांत नीट बसतही नाहीत. तरी क्विंटल यांनी संकटात तो हिशेब काही मिनिटांत केला, कारण ती मापे ते नोकरीभर जगले होते आणि नियंत्रण कक्षापासून उंचीमापकापर्यंत सगळीकडे तीच होती. एकाच विमानात, एकाच दिवशी, परक्या जोडमापाने घात केला आणि मुरलेल्या मापाने तारले.

दोष कुणाचा ठरला

कंपनीने आधी आपल्याच माणसांवर कारवाई केली. पिअर्सन यांना काही काळ खालच्या पदावर आणले, क्विंटल आणि देखभालीच्या काही कर्मचाऱ्यांना निलंबित केले. सरकारने नेमलेल्या चौकशीचे काम न्यायमूर्ती जॉर्ज लॉकवुड यांनी केले आणि १९८५ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यांनी वैमानिकांच्या कौशल्याची प्रशंसा केली आणि बोट ठेवले ते कंपनीच्या कारभारावर. जुन्या विमानांत तिसरा माणूस असायचा, फ्लाइट इंजिनिअर, आणि इंधनाचा हिशेब त्याच्याकडे असे. ७६७ दोन वैमानिकांवर चालणारे. तिसऱ्याचे काम कुणाकडे गेले, हे कंपनीने स्पष्ट ठरवलेच नव्हते. वैमानिकांना वाटत होते की हे देखभालवाल्यांचे काम, देखभालवाल्यांना वाटत होते की वैमानिकांचे. हाताने हिशेब करण्याचे प्रशिक्षण कुणालाच नीट मिळाले नव्हते. सुट्या भागांचा साठाही अपुरा होता.

हा निष्कर्ष न्याय्य आहे. मापांची गफलत एकटी अपघात घडवत नाही. कच्चे डाखकाम, अर्धवट सुटलेली दुरुस्ती, नियमांबद्दलचा गैरसमज, बेवारस पडलेले काम, सगळे एका ओळीत यावे लागते. पण मापे बदलण्याच्या निर्णयाची किंमत मांडताना नेमके हेच विसरले जाते. नवी पाटी, नवा काटा, नवी छपाई यांचा खर्च मांडला जातो. संक्रमणाच्या काळात कोणता माणूस कोणत्या क्षणी दोन पद्धतींच्या सांध्यावर उभा असेल, हे कुणी मांडत नाही. माँट्रियलमध्ये तो माणूस म्हणजे एकाच पाळीत पौंडवाले विमानही भरणारा आणि किलोवाले विमानही भरणारा कर्मचारी.

मग काय करायला हवे होते

कंपनीसमोर तीन मार्ग होते असे मला दिसते. पहिला, ठरलेल्या एका रात्री सगळ्या ताफ्याचे इंधन किलोवर नेणे. दुसरा, ७६७ सुद्धा पौंडातच घेणे आणि ताफा एकत्र बदलता येईपर्यंत थांबणे. तिसरा, त्यांनी निवडलेला: विमानागणिक बदल.

पहिला मार्ग सर्वांत चांगला, पण महाग. जुन्या विमानांतली मापके बदलायची, तक्ते बदलायचे, हजारो माणसांना एकाच वेळी शिकवायचे. पैसे नसतील तर मी दुसरा मार्ग घेतला असता, दशमान पद्धतीचा समर्थक असूनही. राष्ट्रीय धोरणाशी विसंगत दिसले तरी चालेल. तिसऱ्या मार्गाने धोरण पाळल्याचे समाधान मिळाले आणि धोका इंधन भरणाऱ्याच्या हातात दिला गेला.

हाच धडा वेगळ्या परिस्थितीत इतरत्रही दिसतो. ऑस्ट्रेलियाने १९७० मध्ये कायदा केला आणि जुलै १९७४ मध्ये देशभरच्या रस्त्यांच्या पाट्या एका महिन्यात बदलल्या. तिथल्या बांधकाम क्षेत्राने नकाशे थेट मिलिमीटरमध्ये काढायचे ठरवले, सेंटिमीटर बाजूलाच ठेवला. अपूर्णांक नको, दशांश चिन्ह नको, साइटवर एकच एकक. बदलाचे काम पाहणारे मंडळ १९८१ मध्ये बंद झाले ते काम झाले म्हणून. भारताने १९५६ मध्ये मापांचा कायदा केला, १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे केले आणि मग वजने टप्प्याटप्प्याने बदलली. पैसा आधी दशमान झालेला असल्याने नव्या वजनांचे दर लावणे सोपे झाले. हा क्रम आखणाऱ्यांची दूरदृष्टी मला फार मोलाची वाटते.

न बदलण्याचीही किंमत असते. २३ सप्टेंबर १९९९ ला नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी नष्ट झाले. जमिनीवरचे एक सॉफ्टवेअर यानाच्या इंजिनांच्या झोताचा परिणाम पौंडाच्या हिशेबात देत होते आणि तो आकडा घेणारे सॉफ्टवेअर तो न्यूटनमध्ये आहे असे धरत होते. दोन्हींत सुमारे साडेचार पटींचा फरक. करारात दशमान एकके लिहिलेली होती. पण ज्या देशात दोन्ही पद्धती कायमच्या शेजारी नांदतात तिथे असा सांधा कधी नाहीसा होत नाही. ‘आम्ही बदलणारच नाही’ म्हणणाऱ्यांना वाटते की आपण संक्रमण टाळले. जगाशी व्यवहार असलेला देश ते टाळू शकत नाही. तो फक्त ते न संपणारे करतो.

विमानांची उंची आजही बहुतेक जग फुटांत मोजते. रशिया ती मीटरमध्ये मोजत असे, आणि २०११ मध्ये त्याने उंचावरच्या उड्डाणांसाठी फुटांकडे जायचे ठरवले. दशमान पद्धतीचा समर्थक म्हणून मला हे खुपायला हवे, पण मी तो निर्णय योग्य मानतो. सीमा ओलांडताना वैमानिकाला एका उंचीवरून दुसऱ्या मापाच्या उंचीवर जावे लागत होते. तो सांधा गेला. सगळ्या आकाशाने एकाच दिवशी मीटरवर यावे असे मला वाटते, पण ते होईपर्यंत एकट्याने मीटरवर राहण्यात शहाणपण नाही.

त्यामुळे कुणी मला बदलाबद्दल विचारले तर माझा पहिला प्रश्न असतो: या साखळीत आकडा हातातून हातात कुठे जातो? इंधनाच्या बाबतीत टँकर, दांडी, तक्ता, पावती, कॉकपिट, संगणक ही एक साखळी आहे. ती सबंध बदलता येत असेल तर बदलावी, मुदत कमीत कमी ठेवावी आणि जुना तक्ता त्याच दिवशी काढून घ्यावा. संदर्भासाठी म्हणून ठेवलेला जुना तक्ताच १.७७ सारख्या आकड्यांना आसरा देतो. सबंध साखळी बदलता येत नसेल तर तारीख पुढे ढकलावी. आणि प्रत्येक आकड्यासोबत त्याचे एकक लिहिले जावे, घाईतल्या पावतीवरसुद्धा. दोन एककांचे आकडे शेजारी छापण्याचा तोडगा लोकांना सोयीचा वाटतो. दुकानाच्या पाटीवर काही महिने तो चालेल, पण इंधनाच्या किंवा औषधाच्या कागदावर एक दिवसही चालू नये.

कॅनडात पुढे काय झाले? १९८४ मध्ये ब्रायन मलरोनी यांचे सरकार आले आणि १९८५ मध्ये मेट्रिक कमिशन बंद करण्यात आले. लॉकवुड यांचा अहवाल आला त्याच वर्षी. आजही कॅनडात अंतर किलोमीटरमध्ये सांगतात आणि माणसाची उंची फुटांत. हवा सेल्सिअसमध्ये आणि ओव्हन बऱ्याच घरांत फॅरनहाइटमध्ये. यातले बरेचसे निरुपद्रवी आहे, कारण तिथे आकडा कुणाच्या हातात सोपवला जात नाही. पण सुतारकामाचे लाकूड अजून इंचांत विकले जाते आणि सरकारी इमारतींचे नकाशे मिलिमीटरमध्ये निघतात. त्या सांध्यावर रोज कुणीतरी २५.४ ने गुणत असते, आणि ते काम पूर्ण करण्याची तारीख १९८५ नंतर कुठल्याही सरकारने ठरवलेली नाही.